वायफायमधून वीज पकडणारा अँटेना: मल्टीमीटरवर फक्त ११ मिलिव्होल्ट, चुकतंय कुठे?

अनुनाद
नमस्कार मंडळी. मी ईअँडटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) शेवटच्या वर्षाला आहे, नाशिकला. आमच्या तिघींचा प्रोजेक्ट आहे रेक्टेना, म्हणजे हवेतल्या रेडिओ लहरी अँटेनानं पकडायच्या, डायोडनं (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) त्याची डीसी करायची आणि त्यावर काहीतरी चालवायचं. सिनॉप्सिसमध्ये आम्ही लिहिलंय की घरातल्या वायफायवर मोबाइल चार्ज होईल. साध्या हिरव्या एफआर-४ बोर्डवर वायफायच्या २.४५ गिगाहर्ट्झचा पॅच अँटेना, म्हणजे तांब्याचा सपाट चौकोन, केला, साधारण २९ बाय ३८ मिलीमीटर, पुढे १एन५८१९ शॉट्की डायोड, शंभर पिकोफॅरडचा कपॅसिटर, आणि राउटरपासून तीन मीटरवर धरला तर मीटरवर ११ मिलिव्होल्ट येतात. राउटर बंद केला तरी ८-९ येतातच, म्हणजे ते ११ पण खरे आहेत का कळत नाहीये. यूट्यूबवर एकानं तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यावर एलईडी पेटवून दाखवलाय. आमचं दोन महिने झाले काही हलत नाहीये, रिव्ह्यू सहा आठवड्यांवर आलाय. १६ पॅच जोडले तर होईल का? कुणी हे केलंय का प्रत्यक्षात?

हर्ट्झमित्र
आधी हिशोब करून बघू, बोर्ड नंतर. घरातला राउटर साधारण १०० मिलिवॉट सोडतो. २.४५ गिगाहर्ट्झची तरंगलांबी १२.२ सेंटीमीटर. फ्रिसचं सूत्र (किती अंतरावर किती पॉवर उरते ते सांगणारं) लावलं तर तीन मीटरवर पॉवर सुमारे ९५ हजार पटीनं खाली येते, म्हणजे दोन्ही बाजूंचा गेन (अँटेना एका दिशेला जो जोर देतो तो) नसता तर तुमच्या हातात १ मायक्रोवॉट. राउटरच्या दांडीचा गेन २ डीबी आणि तुमच्या पॅचचा ३ डीबी, म्हणजे दुप्पट, धरा (एफआर-४ वर पॅचला पुस्तकातले ६-७ मिळत नाहीत, बोर्डच निम्म्याच्या आसपास पॉवर उष्णतेत खातो), झाले ३ मायक्रोवॉट. ते पण राउटर सतत ओरडत असेल तर, आणि तो सतत ओरडत नसतो. त्यातून डायोड किती डीसी काढेल, या पातळीला दहा टक्के निघाले तरी छान म्हणायचं.

आता मोबाइलची ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे जवळपास ६९ हजार जूल. मी उदार होऊन १ मायक्रोवॉट डीसी धरतो, तरी चार्ज व्हायला सुमारे २२०० वर्षं लागतात. सातवाहनांच्या काळात लावलेला फोन आत्ता कुठे फुल होईल. सिनॉप्सिसमधलं ते वाक्य आजच बदला, गाइडना हा हिशोब दाखवा, कुठलाही समजूतदार गाइड ऐकेल.

पेठेतला_पोऱ्या
मग यूट्यूबवर एलईडी पेटतो तो कसा? सगळे खोटं बोलतात का?

हर्ट्झमित्र
खोटं असेलच असं नाही, अंतर दाखवत नाहीत. शेजारी फोनवर कॉल चालू असतो. जुना टूजी फोन ९०० मेगाहर्ट्झला क्षणभरासाठी २ वॉटपर्यंत सोडायचा आणि तार त्याला जवळजवळ चिकटलेली असते, तिथे एलईडी पेटणारच. आठवतंय का, पूर्वी रस्त्यावर फोनच्या मागे लावायचे स्टिकर मिळायचे, कॉल आला की लुकलुकायचे? त्यातल्या काहींत बॅटरीच नसायची, नुसती एक वेटोळी, डायोड आणि एलईडी. तो रेक्टेनाच. फक्त हातभर लांब नेला की विझला.

सोल्डरची_वाफ
अनुनाद ताई, तुमचा डायोड चुकलाय, हिशोब बिशोब नंतर. १एन५८१९ शॉट्की आहे हे खरं पण तो पॉवर सप्लायमधला डायोड आहे, एक अँपिअरचा, त्याचं जंक्शन केवढं मोठं असतं, शंभर पिकोफॅरडच्या आसपास कपॅसिटन्स. २.४५ गिगाहर्ट्झला १०० पिकोफॅरड म्हणजे ०.६५ ओहम. तुमची लहर डायोडमधून गाळली जातच नाहीये, ती दोन्ही दिशांनी आरपार जातेय, जणू तिथे तारच टाकलीय. तुम्हाला डिटेक्टर डायोड, म्हणजे बारीक सिग्नल पकडणारा, पाहिजे, एसएमएस-७६३० किंवा एचएसएमएस-२८५० च्या कुटुंबातला. ७६३० चा जंक्शन कपॅसिटन्स ०.१४ पिकोफॅरड आहे. सातशे पट कमी! पण जपून, तो दोन व्होल्टच्या आसपास उलटा फुटतो, त्यामुळे कॉल चालू असलेला फोन वगैरे चिकटवून बघू नका.

माझं पण असंच झालं होतं, दुकानदारानं शॉट्की मागितला तर हाच दिला आणि मी तीन बोर्ड फेकले. दुकानदाराचा दोष नाही, मी नीट सांगितलंच नव्हतं कुठल्या फ्रिक्वेन्सीला लागतो ते.

आणि दुसरं, मीटर नुसता लावून मोजू नका. मल्टीमीटरचा आतला रेझिस्टन्स १० मेगाओहम असतो, त्यावर व्होल्ट दिसले म्हणजे पॉवर मिळाली असं नाही. एक ठरावीक लोड, म्हणजे वीज खाणारा रेझिस्टर, लावा, दोन-तीन किलोओहम, आणि त्याच्यावरचे व्होल्ट मोजा. राउटर बंद असताना ८ येतात ती बहुतेक घरातल्या ५० हर्ट्झची घरघर आणि मीटरचा स्वतःचा घोळ.

अनुनाद
अरे बापरे. ०.६५ ओहम हे आम्ही कधी काढूनच बघितलं नाही. सिम्युलेशनमध्ये आम्ही आयडियल डायोड टाकला होता, तिथे मस्त ६० टक्के एफिशियन्सी येत होती. धन्यवाद दादा, खूपच. आज ७६३० मागवले. मग १६ पॅचचं काय करू?

दूरदेशी
मी सध्या जर्मनीत आहे, आरएफआयडी टॅगचे (रेडिओ लहरीनं वाचायच्या चिपच्या पट्ट्या) अँटेना डिझाइन करतो, म्हणजे दिवसभर हेच काम. १६ पॅचच्या प्रश्नात या विषयाचा जीव आहे म्हणून सविस्तर लिहितो.

डायोड कमी पॉवरला वर्गाच्या नियमानं वागतो. आत येणारी आरएफ (रेडिओ लहरीची) पॉवर निम्मी केली की बाहेरची डीसी पॉवर निम्मी नाही, पाव होते. म्हणून एफिशियन्सी हा एक ठरलेला आकडा नसतोच, ती इनपुटबरोबर खाली घसरत जाते. ज्यांनी हा विषय सुरू केला त्यांचे आकडे बघा: १९६४ साली विल्यम ब्राउन यांनी रेथिऑन या अमेरिकन कंपनीत एक छोटं हेलिकॉप्टर नुसत्या मायक्रोवेव्हवर दहा तास तरंगत ठेवलं. १९७५ ला कॅलिफोर्नियात गोल्डस्टोनला २६ मीटरच्या डिशमधून १.५४ किलोमीटरवर बीम टाकला आणि पलीकडे ३० किलोवॉटहून जास्त डीसी काढली, रेक्टेनाची एफिशियन्सी ८० टक्क्यांच्या वर. लोक हा आकडा वाचतात आणि वायफायला लावतात. पण तिथे साडेचार हजारांहून जास्त डायोड होते आणि एकेका डायोडला काही वॉट मिळत होते. तुमच्या डायोडला मायक्रोवॉट मिळतायत, दहा लाख पटीनं कमी. तिथला डायोड पूर्ण उघडत होता, आपला नुसता कुरकुरतो.

तर १६ पॅच. प्रत्येकाला स्वतंत्र डायोड लावून डीसी एकत्र केली तर एकाच्या १६ पट. पण आधी आरएफ एकत्र करून सगळी एकाच डायोडवर टाकली तर त्याला १६ पट पॉवर मिळते आणि वर्गाच्या नियमानं डीसी २५६ पट. कागदावर. प्रत्यक्षात जोडणाऱ्या लाइनींची गळती असते, आणि पॉवर वाढली की डायोड हळूहळू वर्गाच्या नियमातून बाहेर येतो. तरी मायक्रोवॉटच्या जगात आधी आरएफ गोळा करा, मग गाळा.

हर्ट्झमित्र
इथे मला थोडं अडवायचंय. आरएफ एकत्र केली की बीम अरुंद होतो. १६ पॅचचा अँटेना राउटरकडे नीट रोखला तर ठीक, पण घरात लहरी भिंतींवरून आपटून सगळीकडून येतात, आणि त्या तिघींना राउटर कुठे आहे ते माहीत असलं तरी वापरणाऱ्याला नसेल. गेन म्हणजे फुकटची पॉवर नाही, एका दिशेचं ऐकायचं तर बाकीच्या दिशांना बहिरं व्हायचं. आजूबाजूला जे मिळेल ते गोळा करायचं असेल तर स्वतंत्र डायोडवाले तुकडेच बरे पडतात.

दूरदेशी
मान्य, पूर्ण मान्य. म्हणून पहिला प्रश्न अँटेना कसा करू हा नसतोच, पॉवर कुठून येणार हा असतो. ठरलेला ट्रान्समीटर असेल तर त्याच्याकडे तोंड करून गेन वाढवा. आजूबाजूचं गोळा करायचं असेल तर आधी तिथे आहे किती ते मोजा. लंडनला इम्पीरियल कॉलेजच्या लोकांनी २७० भुयारी रेल्वे स्टेशनांबाहेर मोजलं होतं, २०१३ ला प्रसिद्ध झालं. सरासरी एका चौरस सेंटीमीटरवर जीएसएम १८०० ची (मोबाइलचा १८०० मेगाहर्ट्झचा पट्टा) ८४ नॅनोवॉट, जीएसएम ९०० ची ३६, आणि वायफायची फक्त ०.१८. वायफाय सगळ्यात तळाला! अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल (दोन सरळ दांड्यांचा साधा अँटेना) ९०० ला सुमारे १४४ चौरस सेंटीमीटरची लहर ओढतो, म्हणजे तिथे ५ मायक्रोवॉट. तोच २.४५ ला जेमतेम २० चौरस सेंटीमीटर ओढतो. अँटेना लहान हवा म्हणून आपण फ्रिक्वेन्सी वाढवतो आणि ओंजळच लहान होते, हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

गच्चीवाली
आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर आहे. त्याच्या अगदी खाली लावला तर भरपूर मिळेल ना? निदान जिन्यातला दिवा?

सोल्डरची_वाफ
ताई, टॉवरचे पॅनल बाहेरच्या बाजूला, किंचित खाली झुकवून लावलेले असतात, बीम समोर जातो. बरोबर खाली, त्याच गच्चीवर सिग्नल बऱ्याचदा समोरच्या इमारतीपेक्षा कमी असतो. शिवाय आपल्याकडे सप्टेंबर २०१२ ला रेडिएशनची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्श्यावर आणली, ९०० मेगाहर्ट्झला एका चौरस मीटरवर ०.४५ वॉट. समजा कुठे अगदी काठोकाठ तेवढं असलं तरी एका डायपोलला साडेसहा मिलिवॉट, आणि लोक राहतात तिथे प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी खाली असतं. जिन्यातला दिवा ५ वॉटचा तरी असेल. त्याच गच्चीवर वहीएवढं सोलर पॅनल उन्हात काही वॉट देतं, तिथे तेच लावा.

यंत्रवेडा_९६
मी म्हणतो ट्रान्समीटरच मोठा करा ना. जुना मायक्रोवेव्ह ओव्हन घ्यायचा, मॅग्नेट्रॉन (आतली मायक्रोवेव्ह बनवणारी नळी) काढायचा, समोर पत्र्याचा हॉर्न, ८०० वॉट २.४५ ला आयते मिळतात.

हर्ट्झमित्र
नाही. कृपा करून हे कुणीही करू नका, आणि वाचणाऱ्या मुलांनी तर अजिबात नाही. ओव्हनच्या आतल्या कपॅसिटरवर दोन हजार व्होल्टच्या वर असतात, प्लग काढल्यावरसुद्धा राहू शकतात, त्यानं माणसं मेलीयत. आणि उघड्या मॅग्नेट्रॉनसमोर डोळ्यांना इजा होते ती कळेपर्यंत वेळ गेलेली असते. ओव्हनची गळती दारापासून ५ सेंटीमीटरवर चौरस सेंटीमीटरला ५ मिलिवॉटच्या आत ठेवायचा नियम आहे, तुम्ही त्याच्या शेकडो पट मोकळ्या हवेत सोडाल. शेजारी पेसमेकरवालं कुणी असेल तर? ही सूचना संपादकांनी काढली तरी माझी हरकत नाही, पण उत्तर राहू द्या.

यंत्रवेडा_९६
बरोबर आहे तुमचं, माझं चुकलं. दोन हजार व्होल्टचं मला खरंच माहीत नव्हतं.

दूरदेशी
अनुनाद, माझं ऐकाल तर २.४५ सोडा आणि ८६६ मेगाहर्ट्झला या. कारण रोज डोळ्यांसमोर आहे, फास्टॅग. गाडीच्या काचेवरचा तो कागद म्हणजे रेक्टेनाच आहे, आत बॅटरी नाही. टोलनाक्यावरचा रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झमध्ये लहर सोडतो, टॅगचा अँटेना ती पकडतो, चिप त्यावर जागी होते आणि आपला नंबर परत पाठवते. १ वॉट आणि ६ डीबीचा अँटेना म्हणजे ४ वॉट धरले तर दहा मीटरवर टॅगला ५० मायक्रोवॉटच्या जवळपास मिळतात, आणि चांगली चिप १० मायक्रोवॉटच्या आत जागी होते. आपल्याकडे हा पट्टा तेवढ्या पॉवरला बिनपरवाना आहे.

एखादा खराब टॅग मिळाला तर उजेडासमोर धरून बघा. मधोमध एक छोटं वेटोळं दिसेल आणि दोन्हीकडे नागमोडी हात. ते वेटोळंच मॅचिंग, म्हणजे अँटेना आणि चिप एकमेकांना जुळवणारा भाग. चिपचा इनपुट कपॅसिटिव्ह असतो, म्हणून अँटेना मुद्दाम इंडक्टिव्ह केलेला असतो, दोघांचं एकमेकांत फिटतं. मधे केबलींचं ते नेहमीचं ५० ओहम कुठेच नाही. तुम्ही ५० ओहमचा पॅच केलात, मग ५० ओहमची लाइन, मग मॅचिंग, मग डायोड. ७६३० चा जंक्शन रेझिस्टन्स अगदी कमी सिग्नलला साडेपाच किलोओहमच्या आसपास असतो, त्याला ५० पर्यंत ओढत आणायचं म्हणजे मधल्या इंडक्टरमध्येच निम्मं हरवतं. फोल्डेड डायपोल (दुमडून टोकं जोडलेला) घ्या, त्याचा ३०० ओहम आहे, तिथून डायोडपर्यंतचा प्रवास कमी. आणि टॅग काचेसाठी ट्यून केलेला असतो, हातात धरला किंवा पत्र्यावर चिकटवला की बिघडतो, तसंच तुमचा अँटेना ज्या डबीत बसवणार त्या डबीसकट मोजा.

जुना_रेडिओवाला
बऱ्याच दिवसांनी इथे लिहितोय, हा धागा बघून राहवलं नाही. मुलांनो, तुम्ही ज्याला रेक्टेना म्हणता तो आम्ही शाळेत असताना क्रिस्टल सेट म्हणून करायचो. पुण्यात वाड्याच्या गच्चीवरून समोरच्या चिंचेपर्यंत वीसेक मीटर तार, नळाला अर्थ, पुठ्ठ्याच्या नळीवर वेटोळी, ओए-७९ डायोड आणि दोन हजार ओहमचा हेडफोन. बॅटरी नाही, वीज नाही. आकाशवाणी पुण्याचं ७९२ किलोहर्ट्झ, शंभर किलोवॉटचं केंद्र, इतकं खणखणीत यायचं की रात्री हेडफोन पितळेच्या तांब्यात ठेवला की आमच्या आजीला बातम्या ऐकू जायच्या. ती तांब्यातल्या बातम्या म्हणायची. तरंगलांबी जवळपास ३८० मीटर आणि आमची तार वीस मीटर, म्हणजे अँटेना म्हणून अगदी तोकडी, सगळी करामत वेटोळ्याच्या ट्यूनिंगची. आणि हे लक्षात असू द्या की क्रिस्टल डिटेक्टरचं पेटंट आपल्या जगदीशचंद्र बोसांचं आहे, गॅलेनाचा खडा वापरून, १९०४ चं.

एक सुचवतो. तुमच्या नव्या डायोडच्या पुढे लोडऐवजी क्रिस्टल इअरफोन लावून बघा. मीटर फक्त सरासरी सांगतो, कान सांगतो तिथे काय चाललंय.

अनुनाद
काका, तांब्यातल्या बातम्या वाचून आईला पण दाखवलं. इअरफोन शोधते.

पेठेतला_पोऱ्या
मॅचिंग मोजायला व्हीएनए (अँटेना किती जुळलाय ते दाखवणारं यंत्र) लागतो ना? कॉलेजच्या लॅबमध्ये असतो पण कुलपात असतो.

सोल्डरची_वाफ
छोटा नॅनो व्हीएनए घ्या, दीड गिगाहर्ट्झपर्यंतचा चालेल, ८६६ ला येण्याचा हा अजून एक फायदा. पण एक खाचखळगा आहे ज्यात मी आठवडा घालवला: डायोडचा इम्पिडन्स (लहरीला होणारा अडथळा) पॉवरप्रमाणे बदलतो. व्हीएनए स्वतःच्या पॉवरला मोजतो, तुमचा अँटेना वेगळीच पॉवर देणार, त्यामुळे स्क्रीनवर सुंदर खळगा दिसतो आणि हवेत काहीच नाही, किंवा उलटं. म्हणून व्हीएनएवर जवळपास आणा आणि शेवटचं ट्यूनिंग खऱ्या अंतरावर लोडवरचे व्होल्ट बघत करा. लोड बदलला तरी मॅचिंग सरकतं. अँटेना, मॅचिंग, डायोड, लोड हे चार वेगळे भाग नाहीत, एकाला हात लावला की बाकीचे तिघे हलतात.

अनुनाद
अपडेट द्यायला उशीर झाला, साडेतीन आठवडे झाले. गाइडना २२०० वर्षांचा हिशोब दाखवला, ते पाच मिनिटं गप्प होते मग म्हणाले विषय बदला, तारीख बदलणार नाही. आता प्रोजेक्ट असा आहे: गोदामातल्या द्राक्षांच्या पेट्यांसाठी बिनबॅटरीचा तापमान सेन्सर, आरएफआयडी रीडरच्या लहरीवर. मैत्रिणीच्या काकांच्या गोदामात रीडर आहे, त्यांनी रविवारी वापरू दिला.

८६६ चा फोल्डेड डायपोल, ७६३० चे दोन डायोड लावून व्होल्टेज डबलर, लोड २.२ किलोओहम. रीडर १ वॉट, अँटेना ६ डीबी. दोन मीटरवर ०.६२ व्होल्ट, म्हणजे १७५ मायक्रोवॉट डीसी!! फ्रिसनं काढलं तर रीडरचा अँटेना सर्क्युलर (लहर गोल फिरवत सोडणारा) आणि आमचा लिनिअर (एकाच दिशेची पकडणारा) म्हणून निम्मी सोडून ६०० मायक्रोवॉट आत येतायत, म्हणजे २९ टक्के. चार मीटरवर ०.२६ व्होल्ट, ३१ मायक्रोवॉट, तिथे २० टक्के. दूरदेशी दादा म्हणाले तसंच, अंतर दुप्पट केलं तर आत येणारी पॉवर पाव झाली पण डीसी पावापेक्षा पण खाली गेली. हे स्वतः मोजल्यावर जे कळलं ते सिम्युलेशनमध्ये दोन महिन्यांत कळलं नव्हतं.

पुढे बीक्यू २५५७० (थोडी थोडी वीज गोळा करून साठवायला देणारा आयसी) लावलाय. त्याला पहिल्यांदा जागं व्हायला ६०० मिलिव्होल्ट लागतात म्हणून सव्वादोन मीटरच्या पुढे तो रिकाम्यापासून सुरूच होत नाही. हजार मायक्रोफॅरडवर साठवतोय, ३ व्होल्टवरून २.२ पर्यंत येईपर्यंत २ मिलिजूल मिळतात आणि एक रीडिंग जातं. दोन मीटरवर सध्या दर ४० सेकंदाला एक. हिशोबानं दर २५ सेकंदाला यायला पाहिजे.

दूरदेशी
२९ टक्के पहिल्याच खऱ्या बोर्डला! मनापासून अभिनंदन तिघींचं. कपॅसिटर साधा इलेक्ट्रोलिटिक आहे का? त्याची गळती काही मायक्रोअँपिअर असते, तुमच्या पातळीला ते खूप झालं. सिरॅमिक समांतर जोडून बघा, किंवा इलेक्ट्रोलिटिकच हवा तर कमी गळतीचा. आणि डायपोलमागे चौथाई तरंगलांबीवर, म्हणजे साडेआठ सेंटीमीटरवर पत्रा लावला तर गेन वाढेल, पण पेटीवर तेवढी जागा आहे का बघा.

अनुनाद
इलेक्ट्रोलिटिकच आहे. बदलते. पत्र्याला जागा नाही, पेट्या एकावर एक असतात. ओल्या द्राक्षांच्या शेजारी तो अँटेना ८६६ वरून किती खाली घसरतो ते पुढच्या रविवारी मोजणार आहोत, मला त्याचीच जास्त धास्ती आहे, फळ म्हणजे सगळं पाणी.

आणि रेडिओवाले काका, इअरफोन मिळाला. जुन्या पॅचवर एक ७६३० लावला, साठवायचा कपॅसिटर काढला आणि रात्री घरात राउटरला अगदी चिकटवून धरला. एका सेकंदाला दहाच्या आसपास टक टक टक टक ऐकू आलं. राउटर आपलं नाव सांगणारे बीकन पाठवतो ना, दर १०२.४ मिलिसेकंदाला, ते! मधे नुसती शांतता. मग ताईला फोनवर व्हिडिओ लावायला सांगितला तर एकदम टर्रर्र सुरू झालं. दोन महिने आम्ही ज्याला सतत धरत होतो तो बहुतेक वेळ गप्पच असतो. आजीला पण ऐकवलं, ती म्हणाली पावसाळ्यात पत्र्यावर थेंब पडतात तसं वाजतंय.

जुना_रेडिओवाला
आता इअरफोन तांब्यात ठेव आणि परत ऐकव तिला.